ऋषिपंचमीचं ताट



आज गुरुवार, २८ ऑगस्ट २०२५. भाद्रपद शुद्ध पंचमी, म्हणजेच ऋषिपंचमी. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातल्या माणसाला हा दिवस वेगळा सांगावा लागत नाही. शेगावला श्री गजानन महाराजांनी समाधी घेतली ती याच तिथीला, ८ सप्टेंबर १९१० रोजी. तोही गुरुवारच होता. आज शेगावात दिंड्या पोचल्या असतील, टाळ-मृदंग चालू असेल. मी मात्र पुण्यात आहे. ऑफिसला सुट्टी नाही, म्हणून पहाटे उठून लिहायला बसलोय.

रोजच्याप्रमाणे ज्ञानेश्वरी समोर आहे. तेरावा अध्याय चालू आहे आणि नेमका आज "अहिंसा" हा शब्द आला. भगवंतांनी ज्ञानाची लक्षणं सांगितली, त्यात अमानित्व, अदंभित्व आणि लगेच तिसरी अहिंसा. गीतेत तो फक्त एक शब्द आहे. पण माऊली तिथे एवढ्या वेळ थांबतात की वाचणाऱ्याला वाटावं, बाकीचा अध्याय विसरले की काय.

बरेच जण मला विचारतात, "तुम्ही दूध-तूप सोडलं म्हणे? हे व्हेगन की काय ते आपल्या धर्मात कुठं बसतं?" दोन वर्षांपूर्वी कुणी हे विचारलं असतं तर माझ्याकडे चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन तयार होतं. आज ते नाही. आज एक गोष्ट आहे, आणि ती सांगताना मला थोडी लाज वाटणार आहे. पण चिंतन म्हणजे स्वतःचं सोडून दुसऱ्याचं सांगणं नव्हे, म्हणून सांगतो.

गोठ्यातलं रेडकू

आमचं घर खामगाव तालुक्यात. सहा एकर कोरडवाहू. सोयाबीन, कपाशी, मधे तुरीच्या ओळी. या शेतीचं गणित तुम्हाला माहीत आहे. एक वर्ष बरं जातं, दोन वर्षं जात नाहीत. शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत पश्चिम विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांची नावं कायम येतात, त्यात आपला बुलडाणा आहे. अशा गावात आमचं घर टिकलं ते दोन म्हशींवर. पाऊस येवो न येवो, दर दहा दिवसांनी दुधाचे पैसे यायचे. त्यातून किराणा, त्यातून लाइट बिल आणि त्यातूनच माझी इंजिनीअरिंगची फी. आई पहाटे चारला उठून शेण काढायची, तेव्हा मी आत पांघरूण डोक्यावर घेऊन झोपलेला असायचो.

२०२३ च्या उन्हाळ्यात मी दोन महिने घरून काम करत होतो. लॅपटॉप ओसरीवर आणि समोर गोठा. एक म्हैस व्याली. रेडा झाला. बाबा काही बोलले नाहीत, नुसते आत निघून गेले. वगार झाली असती तर गूळ वाटला असता.

पुढे काय होतं ते खेड्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. धार काढायच्या आधी पिल्लाला दोन मिनिटं लावायचं, पान्हा सुटला की ओढून खुंटीला बांधायचं. वगार असेल तर तिच्यासाठी थोडं मागे ठेवतात, कारण ती उद्याची म्हैस आहे. हेल्याचं काय करायचं? पंधरा-वीस दिवसांत त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. एका सकाळी ते उठलंच नाही. त्याला कुणी मारलं नव्हतं. ते फक्त हिशेबात बसत नव्हतं. म्हैस दोन दिवस ओरडत राहिली. तिसऱ्या दिवशी पुढ्यात सरकी पेंड आली आणि तिने दूध दिलं.

हे मी लहानपणापासून पाहिलं असणार. पण दिसलं मात्र त्या दिवशी. आपण वारकरी माणसं. पैठणला माऊलींनी रेड्याच्या मुखातून वेद वदवले, ही कथा आजीच्या मांडीवर ऐकलेली. जुन्नर तालुक्यात आळे गावी त्या रेड्याची समाधी आहे, तिथे मी स्वतः डोकं टेकून आलोय. आणि माझ्याच गोठ्यातला रेडा भुकेने मेला. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे. म्हैस त्या बंदीत नाही. म्हणजे आपण दूध घ्यायचं म्हशीचं आणि नमस्कार करायचा गायीला, असा हा व्यवहार.

त्या दिवसापासून चहा सोडला. मग दही, मग तूप. मग वाचत गेलो. "व्हेगन" हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तयार केला. मांस-मासे-अंडी तर नाहीतच, शिवाय दूध, तूप, मध, रेशीम, लोकर, चामडं, जे जे जनावराकडून हिसकावलेलं आहे ते नको. आपल्याकडच्या माळकऱ्याने मांसाहार सोडला, तिथून हा रस्ता आणखी पुढे जातो, एवढंच. मला वाटलं, मी आता माऊलींच्या अहिंसेपर्यंत पोचलो.

मी काय केलं ते

त्याच वर्षी श्रावणात घरी सत्यनारायण होता. आईने पंचामृत केलं होतं. घरच्या म्हशीचं दूध, घरचं दही, घरचं तूप. तिने पळीभर माझ्या हातावर दिलं. मी ते न घेता ताटलीत ओतलं आणि पाहुण्यांसमोर बोललो, "यात त्या रेडकाचं रक्त आहे."

खोली गप्प झाली. मावशीने विषय बदलला. आई काही बोलली नाही. तिने ती ताटली उचलली आणि तुळशीपाशी नेऊन ओतली. रात्री बाबा एवढंच म्हणाले, "तिनं तुह्यासाठी चाळीस वर्षं गोठा काढला, लेका."

मी मनातल्या मनात म्हटलं, भावनेने मुद्दा खोटा ठरत नाही. पुढे वर्षभर मी घरी दर फोनवर तेच सांगत राहिलो. आईने हळूहळू मला "काय खाल्लं?" हे विचारणं सोडून दिलं. मराठी घरात आई मुलाला जेवणाचं विचारत नाही, याचा अर्थ काय ते मी सांगायला नको.

माऊली काय म्हणतात

आता तेराव्या अध्यायाकडे येऊ. माऊली अहिंसा सांगायला बसतात, पण सुरुवात अहिंसेपासून करत नाहीत. आधी अहिंसेच्या नावाने चालणारी हिंसा दाखवतात. पाऊस पडावा म्हणून यज्ञ करायचा आणि त्यात पशू मारायचे. जीव वाचवायचं औषध करायचं आणि त्यासाठी झाडाची साल सोलायची, मुळं खणायची. लोकांची राहती घरं पाडायची आणि त्याच सामानाचं देऊळ बांधायचं. व्यवहारात लुबाडायचं आणि त्या पैशांतून अन्नछत्र घालायचं. माऊली सातशे वर्षांपूर्वी विचारतात, ही कसली अहिंसा?

मग ते खरा अहिंसक माणूस दाखवतात. तो चालतो कसा? कमळावर उतरणारा भुंगा आतले केसर चुरगळू नयेत म्हणून जपतो, तसा हा जमिनीवर पाय ठेवतो, कारण मातीच्या कणाकणाला जीव आहे हे त्याला माहीत असतं. मांजर पिल्लाला तोंडात धरते तेव्हा दात तेच असतात, पण पिल्लाला ते लागत नाहीत, तसं त्याचं वागणं. आणि तो बोलतो कसा? मुळात तो बोलायलाच बिचकतो, आपल्या शब्दाने कुणी दचकलं तर? बोललाच तर शब्द निघण्याआधी त्याचं प्रेम समोरच्यापर्यंत पोचलेलं असतं. म्हणजे माऊलींची अहिंसा पायात आहे, हातात आहे, डोळ्यांत आहे आणि जिभेवरही आहे. ती केवळ ताटात नाही.

हे सगळं मी तेव्हाही वाचत होतो. पण पशुहत्येवरच्या ओव्यांना खूण करायचो आणि बोलण्यावरच्या ओव्या भरभर उलटायचो. आपल्या फायद्याचा लॉग वाचायचा आणि एररची ओळ सोडून द्यायची, तसं.

राहती घरं पाडून देऊळ बांधणारा माणूस म्हणजे मीच होतो, हे समजायला पुढची ऋषिपंचमी यावी लागली.

कहाणी

२०२४ साली तिथी आणि तारीख एकच आली. ऋषिपंचमी ८ सप्टेंबरला, रविवारी. आदल्या दिवशी गणपती बसले, म्हणून मी घरी होतो. आईचा ऋषिपंचमीचा उपवास कधी चुकत नाही. सकाळी ती परसात भाजी खुडत होती. अंबाडी, लाल माठ, भेंडी, दोडका, कुंपणावरचं कारलं, दोन मक्याची कणसं. मी म्हटलं, मदत करू का? ती म्हणाली, "कणसं सोल."

या दिवसाचा नियम बहुतेकांना माहीत असेल. बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. नांगरलेल्या रानातलं धान्य नाही, परसात माणसाच्या हाताने लावलेलं तेवढंच. काही घरी दही चालतं. आईच्या माहेरी दूधही चालत नव्हतं आणि तिने तीच रीत ठेवली. पाच दिवस आधी पोळा झालेला असतो. त्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद-तेलाने शेकायचे, त्याला जेवायचं आवतण द्यायचं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी चारायची. आणि पाच दिवसांनी त्याच्या कष्टाला हातच लावायचा नाही. माझ्या डोळ्यांदेखत घरात दरवर्षी हे होत होतं आणि मी व्हेगनपणा इंग्लंडमध्ये शोधत होतो.

भाजी चिरता चिरता आई कहाणी सांगायला लागली. मला नाही, सवयीने, जशी ती दरवर्षी सांगते. तुम्हीही ऐकली असेल. थोडक्यात सांगतो.

एक ब्राह्मण होता, त्याची बायको होती. काही दोषामुळे मेल्यावर बायको कुत्रीच्या जन्माला आली आणि तो बैलाच्या. दोघंही आपल्याच मुलाच्या दारात. तो बैल मुलाच्या शेतात राबतोय, ती कुत्री अंगणात बसलेय. एके दिवशी मुलाने आई-वडिलांचं श्राद्ध घातलं. खीर शिजत होती, तिच्यात सापाने गरळ टाकलं. ते फक्त कुत्रीने पाहिलं. आता ही खीर खाऊन लोक मरणार आणि मुलाला पाप लागणार, म्हणून ती उठली आणि तिने खिरीला तोंड लावून ती बाटवली. सुनेला काय माहीत? तिने कुत्रीला मारलं, त्या दिवशी उष्टंही घातलं नाही. तिकडे बैलाला दिवसभर तोंड बांधून नांगराला जुंपलं होतं. रात्री गोठ्यात दोघं एकमेकांना आपलं दुःख सांगत होते. श्राद्ध आपलं आणि उपाशी आपणच. मुलाने ते ऐकलं. त्याला कळलं की ज्यांच्या नावाने पिंड दिले, ते आई-बाप दारातच आहेत. त्याने रात्रीच उठून दोघांना खाऊ-पिऊ घातलं आणि सकाळी रानात जाऊन ऋषींना उपाय विचारला. त्यांनी हे व्रत सांगितलं.

कहाणीतला जो दोष आहे तो विटाळाचा. बाईच्या पाळीला पाप म्हणणारा तो भाग मला पटत नाही आणि मी तो मानत नाही. पण उरलेली गोष्ट? ज्याच्या जिवावर सणाचं जेवण झालं तोच उपाशी, हे त्या मुलाला दिसलं. आपल्या आयाबायांनी पिढ्यान्‌पिढ्या हे सांगून सांगून जपलंय, एकाही स्लाइडशिवाय.

मी जरा जोरातच म्हणालो, "आई, बघ, मी हेच तर सांगत होतो! बैलात बाप दिसला त्याला!"

आई भाजी चिरायची थांबली. म्हणाली, "हो. तुले रेडकू दिसलं, चांगलं झालं. मले बी वाईट वाटलं होतं, म्या दाखवलं नाई. पण त्या पोराले दोघंबी दिसले रे बाप्पा. तुले कुत्री नाई दिसली."

माझ्या हातातलं कणीस तसंच राहिलं.

सगळ्यांना वाचवायला जिने खिरीला तोंड लावलं, तिलाच मार बसला. कोरडवाहू सहा एकरांत घर बुडू नये म्हणून जिने गोठा धरून ठेवला, तिला मी चार लोकांत काय म्हणालो होतो! ते दूध विकल्यामुळेच मी ते दूध नाकारण्याइतका मोठा झालो. रेडकाला भुकेने मारणारा हिशेब आईने मांडला नव्हता. आई त्या हिशेबात अडकलेली होती, रेडकाइतकीच.

दुपारी तिने दोन ताटं वाढली. ऋषीची भाजी, नुसत्या हिरव्या मिरचीची. म्हणाली, "आज माह्यासंगं जेव. आज माह्या ताटात बी जनावराचं काई नाई." सव्वा वर्षानंतर आम्ही दोघं एकच जेवण जेवलो. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "भाजी घे अजून."

मग पूर्ण व्हेगन म्हणजे काय?

त्या दिवसापासून मला जे उमगलं ते मांडतो. पटलं तर घ्या.

एक, हा पथ्याचा प्रश्न नाही, ओळखीचा आहे. "हे शुद्ध की अशुद्ध" असं विचारू नये. "हे कुणाच्या कष्टाचं आहे आणि तो जेवला का?" असं विचारावं. पहिल्या प्रश्नाने माणूस सोवळा होतो आणि दुसऱ्याने मवाळ. सोवळेपणाने या मातीत काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे. संत चोखोबांचं जन्मगाव म्हणून देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा सांगितलं जातं, म्हणजे ते आपल्याच जिल्ह्यातले. मेलेली गुरं ओढायचं काम गावाने त्यांच्या समाजावर लादलं आणि तेच काम करतात म्हणून देवळाबाहेर ठेवलं. गावाने जिवंतपणी गुराचं दूध प्यायलं, कातड्याच्या वहाणा घातल्या आणि विटाळ मात्र त्यांचा मानला. तेव्हा ताटात काय आहे यावरून माणसाची पायरी ठरवायची असेल तर तो व्हेगनपणा मला नको. कीर्तनात मृदंग वाजतो, त्याला कातडं आहे. मी तो वाजवणाऱ्याकडे वाकड्या नजरेने बघत नाही. त्या कातड्यामागचा जीव आणि ते कमावणारे हात, दोघांनाही मनात नमस्कार करतो आणि टाळ हातात घेतो.

दोन, "पूर्ण" हा शब्द जपून वापरावा. व्हेगन चळवळीची स्वतःची व्याख्यासुद्धा "शक्य आणि व्यवहार्य असेल तिथवर" अशीच आहे. गांधीजींनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. कलकत्त्यात दुभत्या जनावरांवर होणारे क्रूर प्रकार त्याच सुमारास त्यांच्या वाचनात आले होते. पण पुढे ते फार आजारी पडले तेव्हा कस्तुरबांनी सुचवलं, नेम गाय-म्हशीच्या दुधाचा आहे, शेळीचं काय हरकत आहे? त्यांनी ते घेतलं. आणि मग आत्मकथेत लिहूनही ठेवलं की आपण प्रतिज्ञेचा शब्द पाळला पण तिचा आत्मा दुखावला. मला त्या माणसाचं न घेतलेल्या दुधापेक्षा हे कबूल करणं मोठं वाटतं. आपल्याही कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं असतं. आई-बाबा आजारी असतील तर मी ती गोळी देणार. तिथे वाद घालणार नाही.

ऋषिपंचमीच्या नियमातलीच एक गंमत बघा. आता आमच्याकडे नांगरणी ट्रॅक्टरने होते. म्हणजे अक्षरशः पाहिलं तर ज्वारी-गहू बैलाच्या कष्टाचे राहिलेच नाहीत, आज सगळं चालायला हवं! मी आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "ट्रॅक्टरनं बैलाले सोडवलं, खरं. मंग बैल गेला कुठं?" नियमातली पळवाट इंजिनीअरला लगेच सापडते. पळवाटेच्या पलीकडे कोण उभं आहे, ते आईला दिसतं.

तीन, सोडण्यापेक्षा सोसणं शिकावं. महाराजांच्या चरित्रातला मधमाश्यांचा प्रसंग आठवा. बंकटलालांच्या मळ्यात मक्याची कणसं भाजायला आगट्या पेटवल्या, धुराने चिंचेवरचं मोहोळ उठलं. सगळे पळाले. महाराज जागचे हलले नाहीत. अंगभर काटे रुतले तरी माश्यांवर राग नाही. मला वाटतं, घर आपण त्यांचं जाळलं, मग त्या चावणारच, हे ज्याला आतून कळलं त्याला राग येईल कसा? मी मध सोडलाय, त्याचं कौतुक नाही. पण घरातलं कुणी मला चावेल असं बोललं तर आधी बघतो, धूर मी केला होता का? बहुतेक वेळा मीच केलेला असतो.

चार, व्यवहाराची गोष्ट. आपलं वऱ्हाडी जेवण बऱ्यापैकी आधीच असं आहे. ज्वारीची भाकर, पिठलं, ठेचा, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, शेंगदाणे, तीळ. वरणावर तुपाऐवजी कच्च्या तेलाची धार घेतो. ताकाच्या कढीची आठवण येते, खोटं बोलत नाही. ज्या सोयाबीनचं तेल निघून बरीचशी पेंड जनावरांच्या नि कोंबड्यांच्या खाद्यात जाते, त्याच सोयाबीनचं दूध घरी काढून चहा करतो. पहिला महिना वास सहन होत नाही, मग होतो. एक मात्र नक्की लक्षात ठेवा. बी-१२ हे जीवनसत्त्व या आहारातून मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते. डॉक्टरांना विचारून, रक्त तपासून घ्या. "देव बघून घेईल" म्हणू नका. देवाने डॉक्टरही दिलेत.

आज घरी

आमच्याकडे अजून म्हैस आहे. आता एकच. दूध अजूनही जातं, कारण सोयाबीनला जो भाव मिळतो त्यात दोन माणसांचं घर चालत नाही. मी दरमहा पैसे पाठवतो, ते बाबा घेतात, पण म्हणतात, "जनावर बांधलेलं असलं की मानूस बांधलेला राह्यते." मी यावर काही बोलत नाही. हे सगळं चूक आहे की बरोबर, याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. मी माझ्यापुरतं दूध सोडलंय आणि गोठ्यातलं दुःख अजून संपलेलं नाही, हे दोन्ही खरं आहे.

पण एक झालं. यंदा उन्हाळ्यात म्हैस पुन्हा व्याली आणि पुन्हा हेलाच झाला. मी पुण्यात होतो, फोन धरून बसलो, विचारायची हिंमत होईना. बाबाच म्हणाले, "आईनं सांगतलं, एक सड त्याचा. त्याले हात लावायचा नाई." एक सड म्हणजे दुधाचा चौथा हिस्सा. दुधाचे पैसे तेवढे कमी येतात. मी मागितलेलं नव्हतं. माझ्या स्लाइडने जे झालं नाही ते एका जेवणाने झालं. उद्या तो मोठा होईल तेव्हा त्याचं काय, हा प्रश्न उभाच आहे. त्याच्या वैरणीचे पैसे मी देणार, एवढं ठरलंय. परवा पोळ्याला बाबांनी त्याच्या गळ्यात घुंगरू बांधलं आणि फोटो पाठवला.

आणि पंचामृताचं? आता पूजेत आई मला वेगळं तीर्थ देते, पाणी आणि तुळशीचं पान. ते तिने स्वतःच सुरू केलं. मी दोन्ही हातांनी घेतो.

महाराज शेगावात पहिल्यांदा दिसले ते २३ फेब्रुवारी १८७८ ला, उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. फेकलेल्यातही ज्याला अन्नब्रह्म दिसलं, त्याच्या जिल्ह्यातले आपण. भाऊ कवरांची भाकरी आठवा. गाडी चुकली म्हणून ते उशिरा पोचले. तोवर महाराजांपुढे किती नैवेद्य आले, पण ते त्या भाकरीसाठी उपाशी थांबले. भाकरी साधी होती, आणणाऱ्याचा जीव मोठा होता. देव ताट बघतो तेव्हा बहुतेक हेच बघतो. ते कसं मिळवलं, कुणाच्या मनाने वाढलं.

आजचा संकल्प

आज एकच करा. जेवायला बसाल तेव्हा पहिला घास घ्यायच्या आधी क्षणभर थांबा. हे कुणाच्या कष्टाचं आहे, एकेकाचं नाव घ्या. बैल किंवा ट्रॅक्टरवाला, निंदणाऱ्या बाया, म्हैस, तिचं पिल्लू, आणि चुलीपाशी उभी असलेली ती. यातलं कोण आज जेवलं नाही, एवढं स्वतःला विचारा. उत्तर आलं की काय सोडायचं आणि कुणाला काय द्यायचं, ते तुमचं तुम्हाला कळेल.

आता ऑफिसला निघायच्या आधी आईला फोन करतो. आज तिचा उपवास आहे. यंदा मी विचारणार आहे, "काय खाल्लं?"

महाराजांच्या चरणी प्रार्थना, माझी जीभही माझ्या ताटाइतकीच अहिंसक होवो.

जय गजानन! राम कृष्ण हरी!